दसऱ्याला जोडायचा होता तो कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या बहिणीला एका टीममध्ये पाचवी जागा हवी होती. बास, एवढंच. नोकरी नको, योजना नको, कुणाचा सत्कार नको. पाच जणांनी मिळून खेळायचा बंदुकांचा गेम, चार पोरं ठरलेली, पाचवी जागा रिकामी. त्या चौघांनी तिचा खेळ बघून आपल्या तोंडानं सांगितलं होतं की ही जागा तुझी. अट एकच: दिवाळीपर्यंत घरी स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे.

मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते. फीवाढ, वसतिगृहाचं पाणी, बसपास, जे समोर येईल ते. पत्रकाचा एक नियम मला पहिल्याच वर्षी शिकवला गेला: दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगून टाक, लोक दुसरी ओळ वाचतील याची खात्री नाही. ह्या प्रकरणाची पहिली ओळ मला अजून सापडलेली नाही. म्हणून हे असं लांबण लावून लिहितेय.

अट का पडली ते आधी. आमचा मळा मखमलाबादच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. बहीण शहरात कॉलेजला जायची आणि तास संपले की गंगापूर रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायची. घरी सांगायची, प्रॅक्टिकल आहे. तिथंच त्या चौघांनी तिला पाहिलं. त्यांचा कॅप्टन इंजिनिअरिंगचा, तिथंच जवळ राहणारा, स्वतःची खोली, खोलीत एसी. पोरगा वाईट नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "सराव रोज अंधार पडल्यावर असतो. तू कॅफेत येऊ शकशील का?"

नाही येऊ शकत. आमच्याकडची शेवटची बस त्याच्या आधीच निघून जाते. त्या बसवर मी पत्रक काढलं होतं. स्टँडवर उभं राहून वाटलं, निवेदन दिलं. डेपोच्या साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, "मागणी रास्त आहे" म्हणाले आणि चहा मागवला. चहा चांगला होता. बस आली नाही. एका पोरीला घरी सोडणारी बस मिळत नाही, म्हणून तिच्या बापानं घरात महागाचा कॉम्प्युटर आणायचा. ह्याला आमच्याकडे प्रगती म्हणतात.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी विचारलं, "गेम खेळून पोट भरतं का?"

"जिंकलं तर बक्षीस मिळतं, नाना."

"आन हरलं तर?"

"हरलं तर झेंडू हायच की."

नाना हसले. तिथंच काम झालं. पण आमच्या घरात कुठलीच मोठी वस्तू एकदम येत नाही. फुलांचा पैसा सणाला येतो आणि सणाबरोबर संपतो. ठिबकसुद्धा असंच आलं होतं: पाइप एका पाडव्याला, फिल्टर पुढच्या गणपतीत. तेव्हा कॉम्प्युटरही तसाच येणार होता, सणासणानं, तुकड्यातुकड्यानं. आणि आईची अट वेगळीच. नवी वस्तू देवघरात ठेवायची. दसऱ्याला सगळ्या हत्यारांबरोबर पूजा झाल्यावरच वापरायची.

आता हा उद्योग ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, म्हणून आमच्यासारखे लोक सुटे भाग घेतात आणि घरी जोडतात. पण कुठलाही भाग कुठल्याही भागाला बसत नाही. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो ठरावीक सॉकेटमध्येच बसतो. सॉकेट असतो मदरबोर्डावर, म्हणजे सगळं जिच्यावर बसतं त्या पाटीवर. त्या बोर्डाला एकाच जातीची रॅम, म्हणजे कामापुरती आठवण, लागते. गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड, ते कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, मावलं पाहिजे. आणि ह्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्याच्यात तेवढा दम पाहिजे. एक चुकलं की बाकीचे सगळे बेकार. बहीण हे आईला समजावत होती तेव्हा आई शेवंती निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "एवढं तर आम्ही पत्रिका जुळवताना बी नाय बघितलं."

"म्हणूनच तर," नाना बाहेरून म्हणाले.

दुकान मेनरोडच्या मागे, एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर. बहिणीनं मला बरोबर नेलं ते भांडायला. "मी बघते, तू बोल," असं आमचं ठरलेलं. दुकानदार चाळिशीचा, तोंडात सुपारी, हातात कायम कुणाची तरी वायर. त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

"हा एसएमपीएस घ्या ताई, फर्स्ट क्लास."

बहीण माझ्या कानात म्हणाली, "ह्याच्यावर लिहिलेत तेवढे वॅट हा देत नाही."

मी मोठ्यानं म्हणाले, "ह्याच्यावर खोटं लिहिलंय."

"अहो, सगळे हाच नेतात. चालतं."

"चालतं म्हणजे काय? जळाला तर तुम्ही भरून देणार?"

"जळत नाही हो. चालतं."

हा शब्द मला नवीन नव्हता. वसतिगृहाच्या टाकीत पाल मेली तेव्हा हाच शब्द, जिन्याला कठडा नाही तेव्हा हाच. ह्या देशात काहीही बंद पडलेलं नाही, सगळं चालतं. मी आवाज चढवला. दुकानात तीन-चार पोरं होती, ती आमच्याकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ एडिटिंगसाठी का?" बहीण म्हणाली, "नाही, तुझ्यासारख्यांना मारायला." पोरं हसली, तोही हसला. दुकानदारानं मुकाट्यानं आतून चांगला डबा काढला.

त्या डब्यावर तिनं हट्टानं जास्त पैसे घातले, त्याचं कारण कुठल्याच व्हिडिओत नाही. व्हिडिओतली पोरं वॅटचा हिशोब सांगतात. शेजारच्या मळ्यात पाण्याची मोटर सुरू झाली की आमचा बल्ब मेणबत्तीएवढा होतो, ह्याचा हिशोब कोण सांगणार? ती म्हणाली, "ताई, माझ्या कॉम्प्युटरला आधी आपल्या खांबावरच्या विजेशी जुळवून घेता आलं पाहिजे. मेंदूचं नंतर." म्हणून प्रोसेसर तिनं साधा घेतला, कॅबिनेट बिनलाइटचं, एका बाजूला काच असलेलं, कारण बिनकाचेचं स्वस्त मिळेना. तिला जे हवं होतं त्यातलं थोडंच तिनं घेतलं. पण घेतलं ते सगळं एकमेकांना बसणारं.

गुढीपाडव्याला प्रोसेसर आला. काडेपेटीपेक्षा थोडा लहान. नाना खोका हलवून म्हणाले, "रिकामा तर नाय ना?" गणपतीत कॅबिनेट, एसएमपीएस आणि एक जुना स्क्रीन आला. खोके देवघरात एकावर एक. आई रोज सकाळी देवाला फूल वाहताना एक खोक्यावरही ठेवायची. मी म्हणायचे, "आई, ह्यांना कशाला?" आई म्हणायची, "घरात आलंय ना? मंग."

कार्ड सेकंडहँड घेतलं, देवळ्याच्या एका मुलाकडून. त्याच्या घरचा कांद्याचा व्यापार, त्याला नवीन कार्ड मिळालं म्हणून जुनं विकायला काढलेलं. जाण्याआधी बहिणीनं कॅबिनेटच्या आतून गजऱ्याचा दोरा लावला, कार्डाला जेवढी जागा आहे तिथं गाठ मारली आणि दोरा पर्समध्ये टाकला. देवळ्यात त्या मुलाच्या ओट्यावर तिनं तो दोरा कार्डाला लावून बघितला. गाठ कार्डाच्या थोडी पुढे आली. तो मुलगा बघतच राहिला. "असं कोण मोजतं?" "आम्ही हार मोजतो असे," ती म्हणाली. येताना बसमध्ये तिनं कार्ड मांडीवर घेतलं होतं, ओढणीत गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, "लेकराचं तिकीट?"

नवरात्रात बोर्ड आणि रॅम आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं बोर्डाचा खोका पुढे सरकवला. आम्हाला हवं तेच नाव, तेच चित्र, सॉकेट तोच. बहिणीनं खोका फिरवून मागचं बारीक वाचलं.

"ह्याला पुढच्या जातीची रॅम लागते. मला आधीच्या जातीची हवी."

"अहो, हा नवीन आहे. उलट चांगला."

"आणि नव्या रॅमचा भाव काय?"

भाव त्यानं सांगितला. मी हसलेच. जगात कुठंतरी मोठमोठ्या कंपन्या संगणकांची गोदामं बांधतायत, त्यांनी सगळी रॅम उचललीये, म्हणून मखमलाबादच्या पोरीला ती परवडत नाही. ह्याच्यावर कुठल्या साहेबाला निवेदन देणार?

"आधीच्या जातीचा बोर्ड हा शेवटचाच," दुकानदार आतून एक खोका आणत म्हणाला. "ही लाइन आता बंद होतेय." बहिणीनं खोका उघडायला लावला, तपासला, बंद करून घेतला. खाली उतरताना ती जिन्यात थांबली आणि नुसती हसली. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण जिंकलो. कुणी फसवलं नाही, काही चुकलं नाही, सगळे भाग घरात.

घरी तिनं आईला खोक्यावरचं चित्र दाखवलं. आईनं विचारलं, "ह्यात मेन काय?"

"हा चौकोन बघ. इथं मेंदू बसतो. सगळं ह्याच्यावर."

"म्हंजे हे मेन."

"हेच मेन."

दसऱ्याची सकाळ आमच्याकडे सणाची नसते. पहाटेच टेम्पो भरायचा, बाजारात जागा धरायची, दुपारपर्यंत ओरडायचं. त्या वर्षी सगळ्यांनीच झेंडू लावला होता. अकरा वाजेपर्यंत भाव बरा होता, मग लोक ढिगाकडे बघायचेच बंद झाले. दुपारी रस्त्याच्या कडेला पिवळे ढीग तसेच टाकून शेतकरी घरी गेले. नानांना टाकवत नाही. ते उरलेले क्रेट परत घेऊन आले.

आम्ही दोघी बाजारातून आधीच परतलो होतो. ओसरीत आईनं पूजा मांडली होती: खुरपी, विळे, कात्र्या, फवारणीचा पंप, वजनकाटा. त्यांच्या शेजारी पाटावर बहिणीनं एक धुतलेली चादर अंथरली आणि खोके उघडले. बोर्ड काढून ठेवला. सॉकेटवरचं काळं झाकण काढलं, वरची पट्टी उचलली. आत काडेपेटीएवढ्या जागेत दाटीवाटीनं सोनेरी तारा, केसापेक्षा बारीक, एका दिशेला कललेल्या. प्रोसेसर त्याच्यावर ठेवायचा, पट्टी लावायची, झालं. तिनं प्रोसेसरचा खोका हातात घेतला आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. नाना ओरडले, "या गं पोरींनो, क्रेट उतरवा." आम्ही गेलो.

आमच्या आईची एक पद्धत आहे. कुंकू वस्तूला कुठंही लावायचं नाही. जिथं ती वस्तू काम करते तिथं लावायचं. विळ्याच्या पात्याला, कात्रीच्या टोकाला, पंपाच्या नळीच्या तोंडाला. ओली हळद, वर कुंकू, अनामिकेनं, नीट दाबून, गळून पडू नये म्हणून. ती पद्धत तिच्या आईची, तिच्याही आईची असेल. आम्ही क्रेट उतरवून आलो तेव्हा ताट ओवाळून झालं होतं. सगळ्या हत्यारांना बोटं लागली होती. आणि बोर्डाच्या त्या चौकोनात, बरोबर मधोमध, हळदीचा ठिपका आणि त्यावर कुंकू.

आई हात पुसत म्हणाली, "तू सांगितलं व्हतं ना, मेन हेच. तिथंच लावलं."

बहिणीनं खाली बसून बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावला. बोटाखाली ज्या तारा आल्या त्या भुईसपाट झाल्या होत्या, वादळानंतर बाजरी पडते तशा. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडेल, रडेल. ती म्हणाली, "छान लावलंस."

आई आत गेल्यावर तिनं गजऱ्याची सुई आणली. एकेक तार टोकानं उचलायला लागली. ह्या सुईनं तिनं मोगऱ्याच्या कळ्या ओवल्यात, पाकळी न फाटता. पण तार पाकळी नाही. काही उभ्या राहिल्या. एक तुटली. ह्यातली एक गेली तरी मेंदूचा बोर्डाशी संबंध तुटतो. तिनं सुई खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मी रस्ताभर तयारी केली होती. ग्राहकाचा हक्क, वॉरंटी, सगळं. दुकानदारानं बोर्ड भिंगाखाली धरला.

"फिजिकल डॅमेज. ह्याला वॉरंटी नसते ताई. कंपनी फोटो बघूनच परत पाठवते." मग त्यानं अजून निरखलं. "हे लाल काय आहे?"

त्याच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता, कालचाच, आमच्याच मळ्यातला असेल कदाचित. स्क्रीनच्या कडेला हळदकुंकू. तो आमच्याकडे बघत राहिला आणि त्याला कळलं.

"आत लावलं?" तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही बाहेरून लावतो."

रस्ताभर तयार केलेलं सगळं मी एकेक करून आठवून बघितलं. त्यानं फसवलं नव्हतं. कंपनीनं बोर्ड चांगला दिला होता. आई? आईनं तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली, आणि तिच्या हातचं कुंकू लागलेली एकही वस्तू आजवर बिघडली नाही. मला कुणावर तरी चिडायचं होतं. बस नाही म्हणून, रॅम महाग म्हणून, झेंडू रस्त्यावर पडला म्हणून. पण त्या चौकोनातल्या ठिपक्याशी ह्यातल्या एकाचंही नाव जोडता येत नव्हतं.

"तसलाच दुसरा बोर्ड?" बहिणीनं विचारलं.

"सांगितलं ना, शेवटचा होता. नव्या बोर्डाला नवी रॅम लागेल." त्यानं दोन-चार ठिकाणी फोन लावले, आमच्या समोरच. कुठंच नव्हता. शेवटी म्हणाला, "जुन्यात बघतो. सांगतो." आणि पहिल्यांदाच तो चालतं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

जुन्यातला मिळाला असता तरी पैसे दिवाळीच्या फुलांवर होते, आणि फुलं बाजारात जाणार ऐन दिवाळीतच. तेवढं थांबणं शक्य नव्हतं. तिनं कॅप्टनला कळवलं. त्यानं बिचाऱ्यानं एक आठवडा अजून थांबून बघितलं, मग नाशिकरोडच्या एका मुलाला घेतलं. तिला मेसेज केला, शेवटी हात जोडलेला आणि बंदूक, असे दोन्ही इमोजी. तिनं मला दाखवला. मी म्हणाले, "मी बोलते त्याच्याशी." ती म्हणाली, "काय बोलणार?"



आईला आम्ही सांगितलेलं नाही. हे बहिणीनं ठरवलं, मला विचारलंही नाही. मी खरं तोंडावर बोलणारी, त्यावरच माझं नाव आहे. तिनं एकच वाक्य सांगितलं, "आईचा हात आहे तो, ताई. पत्रक नाही." आणि आईनं सारखं विचारू नये म्हणून तिनं एका दुपारी सगळं जोडलं, त्याच मेलेल्या बोर्डावर. मी शेजारी बसून बघत होते. प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसला. रॅम कट्कन बसली. कार्ड गेलं, पुढे त्या गाठीएवढीच जागा उरली. एकही स्क्रू कमी पडला नाही, एकही वायर आखूड नाही. इतकं सगळं नीट बसलेलं मी माझ्या आयुष्यात दुसरं काही पाहिलं नाही. तिनं बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा राहिला, अजून आहे.

आई पदराला हात पुसत धावत आली. "चालू झाला की गं!"

"हो," बहीण म्हणाली. "स्क्रीनचा एक पार्ट यायचाय फक्त."

लक्ष्मीपूजनाला आईनं शेजारच्या काकूंना मुद्दाम आत आणलं. आम्ही दोघी ओसरीत दिवाळीचे हार ओवत बसलो होतो. काकूंनी तिथंच कोपऱ्यातल्या कॅबिनेटच्या काचेतून आत पाहिलं.

"पोरीनं जोडला व्हय? चालतो का?"

"चालतो तर! लाव गं बटण, दाखव काकूंना."

बहिणीनं उठून बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. आईनं काचेला हळदकुंकू लावलं, बाहेरून, नीट दाबून, आणि हात जोडले. काकू म्हणाल्या, "आन टीव्ही काळा काय?"

मी मान वर केली. तोंड उघडलंच होतं. बहिणीनं खाली बसत माझ्या मांडीवरचा अर्धा हार उचलून परत माझ्या हातात दिला, आणि आई सांगत होती, "त्याचा एक पार्ट यायचाय."